ख्रिस्ती माणूस नेमका कुणाशी लढतो?

ईस्टरच्या आदल्या रात्री गोव्यातल्या कुठल्याही चर्चमध्ये गेलात तर एक प्रश्नोत्तर ऐकू येईल. लोक हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभे असतात. पाद्री विचारतो, सैतानाला नाकारता का? लोक म्हणतात, नाकारतो. त्याच्या सगळ्या कृत्यांना? नाकारतो. त्याच्या पोकळ भुलवणुकीला? नाकारतो. उत्तरं देणाऱ्यांत बँकेतला कॅशियर असतो, जहाजावरून सुट्टीला आलेला तारवटी असतो, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाई असतात, म्हापशाच्या बाजारात चोरिस विकणारी आजी असते. यांतल्या बहुतेकांनी जन्मात कधी भूत पाहिलेलं नसतं आणि पाहण्याची हौसही नसते. बाप्तिस्म्याच्या वेळी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत तान्हेपणी, आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी दिलेली ही उत्तरं दरवर्षी ते स्वतःच्या तोंडून पुन्हा देतात.

ख्रिस्ती शेजारी किंवा सहकारी असलेला मराठी माणूस इथे थोडा गोंधळतो. दुसरा गाल पुढे करणं, क्षमा, रुग्णसेवा हे त्याने ऐकलेलं असतं. मग ही तलवार, ढाल, शत्रू, लढाई कुठून आली? हणजूणच्या चर्चचा पालक तर सेनापतीच आहे: महादूत मिखाएल. चित्रांत आणि मूर्तींत त्याच्या हाती शस्त्र असतं आणि पायाखाली सैतान. मराठी ख्रिस्ती मंडळींत याला ‘आत्मिक युद्ध’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, आणि त्याच्या भारानेच अर्ध्या लोकांची समजूत भलतीकडे जाते. कुणाला वाटतं, हा भूत उतरवण्याचा प्रकार असावा. कुणाला वाटतं, ही दुसऱ्या धर्मांविरुद्धची मोहीम असावी. दोन्ही गैरसमजांना इतिहासात कारणं आहेत, त्यांच्याकडे येऊच. आधी मूळ कल्पना पाहू.

तिचा सगळ्यात प्रसिद्ध उतारा बायबलच्या नव्या करारात, इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. पत्र प्रेषित पौलाच्या नावावर आहे, आणि लिहिणारा स्वतःला बेड्यांत पडलेला वकील, म्हणजे राजदूत, म्हणवतो. हे ध्यानात ठेवून वाचलं की उतारा वेगळाच लागतो. ज्याच्या पायात साखळ्या आहेत, तो मोकळ्या लोकांना लढाईसाठी शस्त्रं चढवायला सांगतोय. आणि ती लढाई कुणाशी, हे तो पहिल्यांदा साफ करतो: आपली झुंज रक्तमांसाच्या माणसांशी नाही. पहाऱ्यावर असलेला रोमन शिपाई शत्रू नाही, तक्रार करणारा शेजारी नाही, खटला चालवणारा अधिकारी नाही. माणसाला आतून पोखरणाऱ्या, अंधाराच्या बाजूने काम करणाऱ्या शक्तींशी ही झुंज आहे.

इफिस हे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं शहर. मंत्रतंत्र, ताईत, गुप्त नामावळी यांचा तिथे मोठा व्यापार होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागात एकोणिसाव्या अध्यायात तिथली एक गंमत आहे. स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे भुतं काढत हिंडायचे. पौल येशूच्या नावाने लोकांना बरं करतो हे पाहून त्यांनीही ते नाव मंत्रासारखं वापरायला सुरुवात केली. झपाटलेल्या माणसातून आवाज आला, येशूला मी ओळखतो, पौलही ठाऊक आहे, तुम्ही कोण? आणि त्या एका माणसाने सातही जणांना असं बदडलं की ते उघडे, जखमी होऊन घरातून पळाले. त्यानंतर शहरातल्या कितीतरी जणांनी आपली जादूची पुस्तकं आणून चौकात जाळली. पुस्तकांची किंमत मोजली तर ती चांदीची 50,000 नाणी भरली. जादूवर इतका पैसा ओतलेल्या शहराला पौल सांगतोय की तुमचं संरक्षण मंत्रात नाही. गोव्यात आजही मूल किरकिर करू लागलं की मीठ-मिरच्या ओवाळून दीष्ट काढणारी घरं हिंदूंची आहेत तशी ख्रिस्त्यांचीही आहेत. म्हणून हा उतारा आपल्याला वाटतो तितका जुना झालेला नाही.

सैतान म्हणजे काय, हेही इथेच सांगून टाकतो. ख्रिस्ती शिकवणीत तो देवाच्या तोडीचा दुसरा देव नाही. एक प्रकाशाचा राजा आणि एक अंधाराचा राजा, दोघे बरोबरीने कुस्ती खेळताहेत, असं चित्र चर्चने सुरुवातीपासून नाकारलं. सैतान हा निर्माण केलेला देवदूत, स्वतःच्या मर्जीने फिरलेला. त्याची ताकद मर्यादित, मुदत ठरलेली. निकाल क्रुसावर आणि पुनरुत्थानात लागून गेला आहे असं ख्रिस्ती मानतात. म्हणून ख्रिस्ती माणूस जिंकण्यासाठी लढत नाही. जिंकलेल्या बाजूला टिकून राहण्यासाठी लढतो. पौलाच्या उताऱ्यात ‘उभे राहा’ हे पुनःपुन्हा येतं, ‘चाल करून जा’ असं कुठेच येत नाही.

आता ती शस्त्रं: सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पायताणं, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचं वचन. रविवारच्या वर्गात मुलांना पुठ्ठ्याची ढाल-तलवार करायला लावून ही यादी पाठ करून घेतात. मोठ्यांनी तिच्याकडे जरा वेगळ्या डोळ्यांनी पाहावं. यातली दोन शस्त्रं यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देवाने स्वतः अंगावर चढवलेली आहेत, त्यामुळे भक्त वापरतो ती उसनवारीचीच. पायात काय, तर शांती; युद्धाला निघालेल्या माणसाच्या पायात शांती घालणारा लेखक साधा नसणार. ढाल म्हणजे रोमन पायदळाची ती मोठी, माणसाचं बहुतेक अंग झाकणारी ढाल, आणि तिचा खरा उपयोग ओळीने उभ्या असलेल्या शिपायांना. शेजाऱ्याची ढाल आपल्यालाही थोडी झाकते. पत्र एका माणसाला लिहिलेलं नाही, मंडळीला लिहिलेलं आहे. एकट्याने खोलीचं दार लावून सैतानाशी झुंजणारा शूरवीर हे चित्र कादंबऱ्यांचं.

वार करण्याचं शस्त्र एकच, तलवार. ती कशी चालवायची, याचं उदाहरण खुद्द येशूचं. गोव्यात इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल संपतो आणि राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. या काळातल्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये दरवर्षी एकच प्रसंग वाचतात: अरण्यातली येशूची परीक्षा. चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतान भेटतो. तो भेसूर रूप घेत नाही की धमकावत नाही. तो सुचवतो. तू देवाचा पुत्र असशील तर या दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलेलंच आहे. मला नमन कर, सगळी राज्यं तुझी. पहिली सूचना तर अगदी रास्त वाटावी अशी. भुकेल्याने भाकरी खाण्यात वाईट ते काय? दुसऱ्या वेळी तो चक्क स्तोत्रातलं वचन तोंडावर फेकतो. सैतानाला बायबल पाठ असतं, ही गोष्ट उठताबसता वचनं फेकणाऱ्यांनी विसरू नये. येशू तिन्ही वेळा बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातल्या एकेका ओळीने उत्तर देतो आणि वाद तिथेच संपवतो. चमत्कार नाही, आरडाओरडा नाही. पोरवयात घोकलेलं वचन ऐन भुकेच्या वेळी आठवलं, इतकंच.

हीच युक्ती पुढे इजिप्तच्या वाळवंटात राहायला गेलेल्या तपस्व्यांनी उचलली. चौथ्या शतकातला एवाग्रिउस हा त्यांच्यातला सगळ्यात बारीक नजरेचा. मनात येणाऱ्या विचारांची त्याने आठ घराणी लावली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, दिखाऊपणा आणि गर्व. आपल्याला लगेच षड्रिपू आठवतात, आणि आठवावेतच. काम, क्रोध, लोभ आणि मद त्याच्याकडेही आहेत. मत्सर नाही, तो दोनशे वर्षांनी पोप ग्रेगरी यांनी ही यादी नव्याने मांडताना घातला. पण षड्रिपूंत नाही असा एक शत्रू एवाग्रिउसने पकडला, तो म्हणजे कंटाळा. साधा कंटाळा नव्हे. जेवणाची वेळ लांबलीय, सूर्य जागचा हलत नाही, खोलीत बसवत नाही, खिडकीतून सारखं बाहेर पाहावंसं वाटतं, हे काम आपलं नव्हेच, दुसऱ्या गावी गेलो असतो तर बरं झालं असतं, इथे आपली कुणाला पडलेली नाही, असं जे मन म्हणू लागतं ते. त्याने याला दुपारचा सैतान म्हटलं आणि सगळ्यांत जड ठरवलं. मोबाइल नव्हता तरी वर्णन आपलंच आहे. दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवणाऱ्या आमच्या गोव्याने या सैतानाशी झोपेच्या मार्गाने तह केलेला दिसतो, असं मी गमतीने म्हणतो. झोपेचा मुद्दा मात्र गमतीचा नाही. तो पुढे येईलच.

एवाग्रिउसने प्रत्येक विचाराला तोंडावर परत द्यायची बायबलची वचनं गोळा केली, पाचशेच्या आसपास. त्याचं मूळ निरीक्षण असं की विचार मनात येणं हे पाप नाही, ते आपल्या हाती नाही. त्याला बसायला जागा द्यायची की नाही, हे आपल्या हाती. ‘मला इतके घाण विचार येतात, मी कसला भाविक’ म्हणून कुढणाऱ्या माणसाला हे वाक्य कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

गोव्यात हा विषय निघाला की एका माणसाला टाळता येत नाही, आणि तो गोव्यात कधी आलेलाच नाही. इग्नेशियस लोयोला, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा संस्थापक. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असताना वाचायला शूरवीरांच्या कहाण्या हव्या होत्या. घरात होती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. मग दिवास्वप्नं दोन्ही प्रकारची पडू लागली. एकात तो राजकन्येसाठी पराक्रम गाजवायचा, दुसऱ्यात संतांसारखा अनवाणी जेरुसलेमला निघायचा. रंगायचा दोन्हींत. फरक नंतर जाणवायचा. पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं, दुसरं ओसरलं तरी मन प्रसन्न. ख्रिस्ती जगातल्या एका मोठ्या आध्यात्मिक पद्धतीचा पाया असा आहे: विचार कसा आला याहून तो गेल्यावर मागे काय ठेवून गेला, ते पाहा.

पुढे त्याने ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ लिहिला. 1548 मध्ये पोपच्या मान्यतेने तो छापला गेला. त्यातले मन पारखण्याचे नियम सर्वांनाच उपयोगी पडावेत. एक नियम असा: मन खचलेलं असताना, प्रार्थना नीरस झालेली असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. नोकरी सोडायची असेल, लग्न मोडायचं असेल, चर्चला जाणं बंद करायचं असेल, तर ते त्या अंधारात ठरवू नये. दुसरा नियम गुप्ततेचा. शत्रू हा घरच्यांना कळू न देता मुलीला नादी लावणाऱ्या लुच्च्या प्रियकरासारखा असतो, असं इग्नेशियस म्हणतो. गोष्ट वडिलांच्या कानी गेली की त्याचा डाव फसला. म्हणून जे कुणालाच सांगवत नाही, ते जाणत्या माणसाला सांगून टाकायचं. तिसरा नियम किल्ल्याचा: सरदार तटाभोवती फिरतो आणि सगळ्यात कच्च्या जागी मारा करतो. आग्वाद आणि शापोराचे बुरूज पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आपला कच्चा बुरूज कोणता हे ज्याला ठाऊक, त्याची निम्मी लढाई झाली. कुणाचा दारू, कुणाचा पैसा, कुणाचा ‘आमच्या घराण्याचं नाव’. या शेवटच्याबद्दल इग्नेशियस विशेष सावध होता. त्याच्या मते सैतान माणसाला आधी संपत्तीची ओढ लावतो, मग मानाची, आणि मानातून गर्वात उतरवतो. तिथून पुढे त्याला काही करावंच लागत नाही.

याच इग्नेशियसचा जिवलग साथी फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत ज्याचं शव आहे तोच, गोंयकारांचा गोंयचो सायब. आल्यावर तो इस्पितळातल्या रुग्णांत आणि तुरुंगातल्या कैद्यांत राबला. रस्त्यावर घंटा वाजवत मुलं गोळा करून शिकवायचा. आणि याच झेवियरने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, हवं असं सुचवलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1560 मध्ये सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडता 1812 पर्यंत चाललं. नवख्रिस्तींनी जुन्या चालीरीती पाळल्या म्हणून त्यांना कोठडीत टाकलं गेलं. त्याच्याही आधीपासून पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडायला सुरुवात केली होती. लोकांनी देव उचलून नदीपल्याड नेले: मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. गोव्यातल्या मराठी घरांतून ही आठवण अजून जिती आहे आणि ती विसरा असं सांगण्याचा मला अधिकार नाही.

मला एवढंच दाखवायचं आहे की आत्मिक युद्धाची भाषा नासते ती नेमकी इथे. झुंज रक्तमांसाशी नाही हे पौलाचं पहिलं वाक्य गाळलं, की शत्रूला चेहरा मिळतो, नाव मिळतं, घराचा पत्ता मिळतो. ज्या भाषेत माणसाने स्वतःच्या लोभाशी भांडायचं, तिच्यात तो शेजाऱ्याच्या तुळशीवृंदावनाशी भांडू लागतो. आजही एखाद्या प्रार्थनासभेत कुणी दुसऱ्याच्या देवळाकडे, दुसऱ्याच्या मूर्तीकडे बोट दाखवून सैतान ओळखायला शिकवत असेल, तर तो पौलाचं पत्र उलटं धरून वाचतोय.

त्याच मातीत दुसरंही घडलं. इंग्लंडहून 1579 मध्ये गोव्यात आलेल्या जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सने इथली भाषा शिकून ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचलं, मराठीत. 1616 मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. मराठीत ख्रिस्ती विचार मांडणं गोव्याला नवं नाही, चारशे वर्षांचं आहे.

आता भूत उतरवण्याचा मुद्दा. कॅथलिक चर्चमध्ये पिशाच्च काढण्याचा अधिकृत विधी आहे. 1614 च्या विधिग्रंथात तो होता, 1999 मध्ये तो सुधारून नव्याने प्रसिद्ध झाला. पण तो कुणीही, कधीही करू शकत नाही. बिशपने नेमलेल्या, परवानगी दिलेल्या पाद्रीनेच करायचा, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची नीट खातरजमा करायची. शिकवण सरळ आहे: आजार हे डॉक्टरांचं क्षेत्र. स्वतः इग्नेशियसला मान्रेसा गावी असताना अपराधीपणाच्या विचारांनी इतकं ग्रासलं होतं की जीव द्यावासा वाटला होता, हे त्याने लपवलेलं नाही. झोप उडणं, कानात आवाज येणं, आठवडेच्या आठवडे उदास वाटणं, जगू नयेसं वाटणं, याला ‘विश्वास कमी पडतोय’ किंवा ‘सैतानाचा हल्ला आहे’ म्हणून गप्प बसवणारा माणूस मदत करत नाही, वेळ दवडतो. गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. देशभर टेली-मानस या सरकारी मानसिक-आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. गोळी घेणं आणि तेर्स, म्हणजे रोझरी, जपमाळेवरची प्रार्थना, म्हणणं यांचं आपसात भांडण नाही.

मग बळ येतं कुठून? याचं बायबलमधलं मला सगळ्यात आवडणारं उत्तर एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून दुसऱ्याच दिवशी तो राणीच्या धमकीला भिऊन रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा, पुरे झालं, माझा प्राण घे. देव त्याला प्रवचन देत नाही. एलीया झोपतो. देवदूत उठवून म्हणतो, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकरी आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो: खा, वाट लांबची आहे. देवाचा आवाज त्याला ऐकू येतो तो नंतर, पोटात अन्न आणि डोळ्यांवर झोप मिळाल्यावर. विश्वासाच्या गप्पा मारणाऱ्या पुष्कळांना हा क्रम ठाऊक नसतो.

बळाचा दुसरा स्रोत म्हणजे ठरलेली वेळ. जुन्या वळणाच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी घंटा झाली की तेर्स. मणी सरकतात, आजी डुलक्या घेते, मुलांचं लक्ष क्रिकेटकडे असतं. बाहेरून पाहणाऱ्याला ही पोपटपंची वाटेल. पण मन जागेवर नसलेल्या दिवशीही तोंडात टिकून राहतील असे शब्द हाताशी असणं, हाच तिचा उपयोग. ज्या घरात गेल्या आठवड्यात मरण झालंय तिथे कुणाला नवी प्रार्थना सुचत नाही; जुनी मात्र म्हणता येते. उपवासाचंही तसंच, जरी गोव्यात शुक्रवारी मांस सोडून इसवण खाण्यात त्याग तो किती, हा विनोद ख्रिस्ती घरांतच जास्त चालतो.

तिसरा स्रोत माणसं. मे महिन्यात वाड्यावाड्यांतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन ही सामूहिक प्रार्थना होते. व्हायोलिन वाजतं, वाडा जमतो, शेवटी उकडलेले चणे आणि थोडी फेणी. हिंदू शेजारीही उभा असतो. इग्नेशियसचा गुप्ततेचा नियम अशाच जागी कामी येतो, कारण चणे खाताखाता कुणीतरी कुणाला हळूच सांगतं की मुलगा पुन्हा पितोय. कुमसार, म्हणजे पाद्रीजवळ केलेलं पापनिवेदन, हे त्याच नियमाचं संस्काररूप. आणि ज्यांना चर्चची पायरी चढवत नाही, त्यांच्यासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांची बारा पायऱ्यांची वाट. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ कुठल्याही एका धर्माची नाही. गोव्यातही तिच्या बैठका भरतात. तिची पाचवी पायरी सांगते की आपल्या चुका देवापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी कबूल करा. एका अमेरिकन जेझुइट पाद्रीला सुरुवातीलाच त्या बारा पायऱ्यांत इग्नेशियसच्या साधनेची वळणं दिसली होती.

चर्चा बरीच झाली, म्हणून एक माणूस दाखवतो. जोसेफ वाझ, 1651 मध्ये बाणावलीला जन्मलेला. श्रीलंकेत डचांनी कॅथलिकांवर बंदी घातली होती, पाद्री उरला नव्हता. हा 1687 मध्ये मजुराच्या वेशात तिथे पोचला, भीक मागत, रात्री घरोघर जाऊन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, करत राहिला. कँडीच्या राज्यात पोर्तुगीज हेर समजून त्याला कैदेत टाकलं. तिथल्या बौद्ध राजाने पुढे त्याला मोकळीक दिली. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले. वाझ आणि त्याचा सोबती पाद्री मागे राहिले, धर्म न विचारता रोग्यांचं केलं. 2015 मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केलं. त्याच्यापाशी ना तोफा होत्या ना इन्क्विझिशनचे कागद, आणि त्याच्या लढाईत एकही माणूस शत्रू झाला नाही. सत्तेच्या आडोशाने पसरलेला धर्म आणि हा फाटक्या कपड्यांतला धर्म, दोन्ही एकाच गोव्यातून निघाले. यातला आत्मिक लढवय्या कोण, हे मला तरी कठीण वाटत नाही.

राहतो तो एक प्रश्न, जो ख्रिस्ती माणूस सहसा रात्री एकट्यालाच विचारतो: इतकं करून हरलो तर? याला उत्तर येशूचा शिष्य पेत्र याच्या गोष्टीत आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू त्याला म्हणतो, सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय. कशाची? तू पडू नयेस याची नाही. तुझा विश्वास ढळू नये याची. आणि परत वळशील तेव्हा आपल्या भावांना स्थिर कर. म्हणजे पडणं गृहीतच होतं. त्याच रात्री अंगणातल्या शेकोटीपाशी पेत्र तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू त्याला भेटला, आधी मासळी-भाकरी खाऊ घातली, आणि मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस ना? नकार का दिलास हे विचारलंच नाही. तिन्ही वेळा उत्तर ऐकून मेंढरं राखायचं काम त्याच्याच हाती दिलं.